रविवारच्या उकडीत लहान हात

शनिवारी शाळा सुटली की रत्नागिरीतल्या घरांत एकच प्रश्न फिरू लागतो: उद्या काय करायचं? आत्या येणार, चिपळूणहून भाऊ-वहिनी येणार, कुणाचा तरी वाढदिवस बुधवारीच होऊन गेलेला असतो पण साजरा रविवारी. मग यादी सुरू होते. मोदक तर हवेतच. सोबत बिरडं, अळूचं फतफतं, मसालेभात. एकाला मोदक आवडत नाहीत म्हणून श्रीखंड, मुलांना वेगळं काहीतरी म्हणून पास्ता. दुपारी दोनला पानं मांडली जातात तेव्हा घरातल्या दोघी घामाने निथळलेल्या असतात आणि मुलं सकाळपासून आतल्या खोलीत मोबाइलला चिकटलेली.

यावर माझं सांगणं थोडकं आहे. यादी कापा आणि मुलांना कामाला बसवा. सुट्टीच्या दिवशी मेहनतीचा पदार्थ एकच ठेवायचा, आणि तोही असा, की ज्यात तीन वर्षांच्या पोराला काहीतरी करता येईल. बाकी वरण, भात, एखादी भाजी, कोशिंबीर. पाहुणे नावं ठेवतील अशी भीती वाटते खरी. ठेवू देत. ज्या घरी यजमानीणबाई आपल्याबरोबर पानावर बसतात त्या घरी पाहुणे पुन्हा येतात.

पदार्थ निवडताना एक कसोटी लावा: त्यातलं निम्मं काम विस्तवापासून लांब, जमिनीवर बसून होतं का? उकडीचे मोदक या कसोटीला उतरतात. करंज्या उतरतात, कातणं फिरवायला मिळावं म्हणून मुलं भांडतात. दडपे पोहे तर पूर्णच उतरतात. घावन उतरत नाहीत, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण नारळाच्या रसातल्या घावनाची बरोबरी करणारं फार थोडं आहे. पण घावनाचं सगळं काम बिडाच्या तव्यासमोर. एक जण उभा, बाकीचे खाणारे, आणि उभा राहिलेला शेवटी थंड घावन खातो. दहा माणसांच्या रविवारी घावनाच्या वाटेला जाऊ नका. चौघंच घरात आहात, बाहेर पाऊस लागलाय, तेव्हा जरूर घाला.

मोदकांचं काम मात्र दोन दिवसांत वाटून घ्यायला हवं. नारळ शनिवारी रात्रीच खवून फ्रीजमध्ये ठेवावा. नारळ सोलायला आणि फोडायला घरातले पुरुष हौसेने पुढे येतात, खवायच्या वेळी ते कुठे जातात हे एक कोडंच आहे. खवणं त्यांच्याकडेच सोपवा. विळीची खवणी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. टेबलाला घट्ट बसणारी, दांडा फिरवायची खवणी घरात असेल तर नऊ-दहा वर्षांचं मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली ती फिरवू शकतं. सारण रविवारी सकाळी शिजवावं. दोन वाट्या खोबऱ्याला साधारण एक वाटी चिरलेला गूळ, थोडी भाजलेली खसखस, वेलची. गूळ विरघळून सारण एकत्र येऊ लागलं की उतरवायचं, जास्त परतलं तर चिवट होतं. आदल्या दिवशी करून ठेवायचंच असेल तर गार करून लगेच फ्रीजमध्ये टाका. आपल्या दमट हवेत ओल्या खोबऱ्याचा कुठलाही पदार्थ ओट्यावर रात्रभर टिकत नाही. मे महिन्यात सकाळचं सारण दुपारीच आंबूस लागतं.

उकडीला जेवढी पिठी तेवढंच पाणी. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल किंवा लोणी, उकळी आली की पिठी घालून ढवळायचं, झाकण ठेवून एक वाफ आणायची आणि गॅस बंद करायचा. नव्या तांदळाची पिठी पाणी कमी पिते, तेव्हा थोडं पाणी बाजूला काढून ठेवलेलं बरं. घट्ट उकड मळताना सैल करता येते, सैल झालेली आवरता आवरत नाही.

इथपर्यंत मोठ्यांचं काम. उकड गरम असतानाच मोठ्यांनी मळून गुळगुळीत करावी आणि हाताला सोसेल इतकी निवली की परात उचलून माजघरात आणावी. फ्लॅट असेल तर हॉलमध्ये जुनी चादर अंथरा. स्वयंपाकघरात मुलं नकोत आणि मुलांशिवाय रविवार नको, यावर मला एवढाच तोडगा सापडला आहे: मुलांना कामाकडे न्यायचं नाही, काम मुलांकडे आणायचं.

कुणी काय करायचं? अडीच-तीन वर्षांच्या मुलाला लिंबाएवढा उकडीचा गोळा द्या आणि त्याचं काय करायचं ते सांगूच नका. चार वर्षांचं मूल सारणाच्या गोळ्या वळतं, त्यातल्या निम्म्या तोंडात जातात, तो हिशेब आधीच धरावा. सहा वर्षांचं मूल पारी करतं, ती फाटते. कळ्या पाडणं सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांना जमत नाही, जमावं असा आग्रहही नको. त्यांना साचा द्या. साच्याला नाकं मुरडणाऱ्या काकू प्रत्येक घरी असतात. त्यांनी आपले एकवीस मोदक हाताने वळावेत, मुलांच्या साच्याकडे बघू नये.

देवाच्या नैवेद्याचा प्रश्न येतो. सणाचा दिवस असेल, घरात सोवळं-ओवळं असेल, तर उकड आणि सारण यांचा नैवेद्यापुरता भाग आधी काढून ते मोदक वळून ठेवावेत आणि मगच मुलांना हाक मारावी. नाहीतर सबंध सकाळ ‘उष्टं करू नको, हात लावू नको’ म्हणण्यात जाते. साधा रविवार असेल तर हे काहीच करायला नको.

मुलांचा खरा पदार्थ मोदक नव्हेच, निवगरी. उरलेल्या उकडीत जिरं, मीठ, कोथिंबीर आणि वाटलेली हिरवी मिरची घालून चपट्या थापायच्या आणि वाफवायच्या. आकाराचं कसलंच बंधन नाही, म्हणून कुणाची चुकत नाही. मिरची घालण्याआधी उकडीचे दोन भाग करा. लहानांच्या भागात नुसतं जिरं आणि मीठ. वर घरचं लोणी. मोदकांना तोंड न लावणारी मुलं चार-चार निवगऱ्या खातात, त्यामुळे त्या वेगळ्या पास्त्याची गरज उरत नाही. आपण थापलेली कुठली ते ओळखू यावं म्हणून प्रत्येकाच्या निवगऱ्या हळदीच्या पानाच्या वेगळ्या तुकड्यावर ठेवा. ‘माझी कुठली?’ या प्रश्नावरून होणारी रडारड त्याने टळते. मोदक दहा-बारा मिनिटांत होतात, निवगऱ्या थोड्या आधीच.

मोदकपात्राचं झाकण काढताना मात्र मुलं दोन हात लांब हवीत. वाफ ज्वाळेपेक्षा फसवी असते, कारण ती मुलाला दिसत नाही. भाजलंच तर तो भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. वीस मिनिटं फार लांब वाटतात, पण तेवढी हवीतच. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काही लावू नका. फोड मोठा असेल, चेहरा किंवा हाताचा पंजा भाजला असेल, तर थेट डॉक्टरकडे.

ज्या रविवारी मोदकांएवढा उत्साह नसेल त्या दिवशी दडपे पोहे करा. पातळ पोहे, खवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ, चवीला साखर. नारळ फोडताना निघालेलं पाणी शिंपडायचं. हे सगळं मुलांनी हाताने कालवायचं, ताटलीने दडपून वर वजन ठेवायचं आणि अर्धा तास वाट पाहायची. वजन म्हणून काय ठेवायचं यावर घरात मोठी चर्चा होते, होऊ द्या. फोडणी तेवढी मोठ्यांनी द्यावी. शेंगदाणे फोडणीत न टाकता मोठ्यांच्या पानात वरून घाला, कारण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये. तो घशात नाही, श्वासनळीत अडकतो. ओले काजूगर, फणसाच्या उकडलेल्या आठळ्या, अख्खी द्राक्षं यांचंही तेच. काजूगर ठेचून, आठळ्या कुस्करून, द्राक्षं उभी चिरून द्यावीत.

बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलणं हेही मुलांना आवडणारं काम आहे. दोन बोटांत दाबला की दाणा टुणकन सालीतून बाहेर उडतो. पण हे काम चार वर्षांच्या वरच्यांना द्या आणि सोबत कुणीतरी मोठं बसा. लहान मुलं वाल नाकात घालतात. ओलाव्याने तो फुगतो, आणि घरी चिमट्याने काढायला गेलं की आणखी आत जातो. असं झालं तर घरी खटपट न करता कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं.

आपल्याकडे कुठल्या रविवारी काय करायचं ते महिनाच ठरवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, मिरकरवाड्याचं बंदर थंडावतं, तेव्हा मासे खाणाऱ्या घरांतही टाकळा, भारंगी, कुळीथ, सुकी मासळी. या दिवसांत मुलांना पानं निवडायला बसवता येतं. श्रावणात तवसं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नारळी पौर्णिमेचा भात. पातोळ्यांत मुलांनी पानावर पिठी थापायची. भाद्रपदात मोदक आलेच.

खरी चंगळ मे महिन्याची. मुंबईची भावंडं येतात आणि चार माणसांच्या घरात पंधरा जण झोपतात. या दिवसांत सकाळचं पहिलं काम मुलांना द्यावं: आढी तपासणं. पेंढ्यात घातलेले आंबे एकेक उचलून बघायचे, पिकलेला, अर्धवट आणि लागलेला वेगळा करायचा. रंगावर जाऊ नका, वास घ्या आणि देठाजवळ हलकेच दाबून बघा, एवढं शिकवलं की सात वर्षांचं पोर आठवडाभरात तुमच्याइतकं तरबेज होतं. ताज्या उतरवलेल्या आंब्याला मात्र लहानांनी हात लावू नये. देठातून उडणारा चीक गालाला, ओठाला लागला की कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग बरेच दिवस जात नाही. खाण्याआधी आंबे अर्धा तास पाण्यात ठेवावेत, देठाकडचा भाग कापून टाकावा आणि मगच चोखायला द्यावा. काजूच्या बिया भाजताना मुलं भोवती जमतात. टरफलातलं तेल उडून फोड येतात, तेव्हा तो उद्योग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा बघून.

मे महिन्यातला माझ्या मते सर्वांत उत्तम रविवारचा पदार्थ म्हणजे सांदण. बरका फणस हवा, कापा चालत नाही. हाताला खोबरेल तेल चोपडून गरे काढायचे, आठळ्या वेगळ्या करायच्या. हे काम मुलं जीव ओतून करतात, कारण हात चिकट होण्याला पहिल्यांदाच कुणी रागावत नाही. चाळणीवर गरे घासून रस काढायचा. दोन वाट्या रसाला साधारण दोन वाट्या किंचित भाजलेला तांदळाचा रवा, गोडीप्रमाणे गूळ, मीठ, ओलं खोबरं. फणस किती रसाळ यावर प्रमाण हलतं. इडलीच्या पिठाइतकं दाट असावं. तासभर मुरवून वाट्यांत घालून वीस मिनिटं वाफवायचं. सोबत नारळाचं दूध किंवा तूप. वाट्या भरणं हे मुलांचं काम, आणि कुणाची वाटी किती भरली यावरून भांडण होणारच.

फणसाशिवायचं, तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं पांढरं सांदण इथल्या कोकणी मुस्लिम घरांत होतं. शेजारी असं घर असेल तर एका रविवारी त्यांची मुलं तुमच्याकडे आणि पुढच्या रविवारी तुमची त्यांच्याकडे पाठवा. रत्नागिरीला शेजारच्या पंगतीचा धडा नवा नाही. स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी याच गावात जातीजातींची सहभोजनं घडवून आणली आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर उभारलं. त्या पंगतींना त्या काळी किती विरोध झाला हे जाणत्या मुलांना जेवता जेवता सांगण्यासारखं आहे. शेजारचं मूल जेवायला येणार असेल तर त्याच्या आईला एकच प्रश्न आधी विचारा: त्याला काय चालत नाही? धर्माने, आवडीने आणि अ‍ॅलर्जीने, तिन्ही अंगांनी.

आता तान्ह्यांचं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, उष्टावणाचा मुहूर्त त्याआधीचा निघत असेल तर पुढचा बघा. उष्टावणात खिरीचं बोट लावण्याची पद्धत आहे. त्यात साखर-गुळाऐवजी नुसती मऊ भाताची पेज चालते, विधीत काही उणं पडत नाही. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मीठ वर्षभर टाळावं, वरून घातलेली साखर दोन वर्षांपर्यंत टाळावी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. अडचण ज्ञानाची नसतेच, ती आजीची असते. ‘आम्ही नाही का तुम्हाला दिला मध?’ यावर वाद घालून रविवार नासवू नका. आजीला ‘नको’ म्हणण्याऐवजी काम सोपवा: गुरगुट्या भात, त्यावर तूप, दाताखाली न येणारी मुगाची डाळ, आणि भरवण्याचा मान फक्त तिचा. हातात वाटी असलेली आजी मधाची बाटली शोधायला जात नाही.

मासे खाणाऱ्या घरांत लहानांना कोणता मासा, हा प्रश्न दर रविवारी निघतो. एक मोठा काटा असलेला, सहज सोडवता येणारा मासा द्यावा. पापलेट, सुरमईचा तुकडा, किंवा पूर्वीपासून बाळंतिणींना आणि मुलांना देतात ते मुडदुशे. बारीक काट्यांचे मासे मोठ्यांनी खावेत. काटे काढताना ताटलीत दिसत नाहीत, बोटांना लागतात. म्हणून मुलाचा मासा नेहमी हाताने कुस्करून द्यावा, काट्या-चमच्याने नाही.

वाढदिवस घरी करायचा तर वेळ जपा. लहान मुलांचा समारंभ रात्री आठला ठेवणं हा मोठ्यांच्या सोयीसाठी मुलांवर केलेला अन्याय आहे. पाचला औक्षण, साडेसहाला मुलांची पंगत, आठला पाहुणी मुलं आपापल्या घरी. मोठ्यांना मग काय गप्पा मारायच्या त्या मारू देत. फुगे हौसेने लावा, पण फुटलेल्या फुग्याचा प्रत्येक तुकडा लगेच उचला. मुलाच्या घशात रबराचा तुकडा बसला की तो काढणं फार अवघड.

सांभाळून करायचा समारंभ म्हणजे बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी पोरांच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, शेंगा, काटेरी हलवा, उसाचे करवे, गोळ्या ओततात. ज्याच्यासाठी हे करायचं ते मूल वर्ष-दीड वर्षाचं, भोवती वेचायला जमलेली तीन-चार वर्षांची. मुलाच्या गळ्यात अडकू शकतील अशा जवळजवळ सगळ्या वस्तू एका ताटात भरून आपण त्यांच्या अंगावर ओततो. प्रथा मोडायला मी सांगत नाही, ताट बदलायला सांगते. डोक्यावरून चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता, त्यांनी मुलं तेवढीच खिदळतात. बोरं-हरभरे परडीत ओवाळून बाजूला ठेवा. वेचायच्या मुलांना पिशव्या द्या आणि पिशवीतलं घरी गेल्यावर आईने निवडून द्यायचं, असं आधीच सांगून टाका.

आणि तरीही काही अडकलंच तर? मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, पाठीवर धपाटे घालू नका. आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, ओठ निळे पडू लागले, तर वेळ घालवू नका. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली करून धरा, खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाचदा दाबा, आणि पुन्हा तेच. मोठ्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, तरी निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच झटके. मूल निपचित पडलं तर त्याला जमिनीवर झोपवून छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं लगेच सुरू करावं. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या कुणी तोवर १०८ ला फोन लावावा. हे वाचून भागत नाही; घरातल्या दोघांनी डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्यावं.

पंगतीत मुलांना वाढायला लावा. केळीचं पान मांडताना निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. पाच वर्षांच्या मुलाला मीठ आणि लिंबाची फोड वाढायचं खातं द्यावं. सांडणार काही नाही, आणि पंगतीत सर्वांत आधी फिरायचा मान त्याचा. उकळती आमटी, वरण, कढी हे मोठ्यांनीच वाढायचं. आपल्याकडे लग्नाकार्यांत पोरांची पंगत आधी बसवतात ती रीत रविवारीही पाळावी: मुलं पहिल्या पंगतीत जेवली की दुसऱ्या पंगतीला मोठ्यांना निवांत बसता येतं. दुसरी पंगत सगळ्यांची एकदम बसली पाहिजे, वाढणारीसकट. भांडी मध्ये ठेवा आणि ज्याने त्याने घ्यावं.

संध्याकाळी मुलांना समुद्र हवाच असतो. किती वाजता न्यायचं ते तिथीवरून काढता येतं. दर्यावर जाणाऱ्या माणसांचा हा जुना ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपासच्या रविवारी पाच वाजता मांडवीला वाळू मोकळी असते, मुलांना घेऊन बसायला उत्तम. अष्टमीच्या सुमाराला त्याच वेळी पाणी चढलेलं असतं, तेव्हा थिबा पॉइंटवरून सूर्यास्त बघा. वाटेत ब्रह्मदेशच्या थिबा राजाची गोष्ट सांगता येईल: १८८५ मध्ये राज्य गेलेला, १९१० मध्ये बांधून झालेल्या वाड्यात राहिलेला आणि १९१६ मध्ये इथेच वारलेला राजा. हा ठोकताळा वेळ काढण्यापुरता आहे, पोहण्याच्या भरवशाचा नाही. पावसाळ्यात लहान मुलांना पाण्यात उतरवूच नका, गुडघाभरही नाही.

मांडवीला जाताना खिशात चुंबक घ्या, पातळ पिशवीत गुंडाळून. इथल्या काळ्या वाळूत लोहाची खनिजं आहेत; चुंबक फिरवला की काळे कण पिशवीला दाढीसारखे चिकटतात. पिशवी उलटी केली की कण सुटतात, चुंबक साफ राहतो. मोठ्या मुलांना यात तास-दीड तास रमवता येतं.

गावाकडच्या घरी जमणार असाल तर पोहोचल्याबरोबर, चहाच्या आधी, दोन गोष्टी बघाव्यात. विहिरीला जाळी आहे का, आणि कठड्याजवळ चढायला दगड किंवा बालदी पडलेली नाही ना. दुसरं म्हणजे गडगा. कातळी भागात फुरसं भरपूर, दगडांच्या फटींत बसतं आणि अंगाने इतकं लहान असतं की मुलांना ते खेळण्यासारखं वाटतं. गडग्यात हात घालायचा नाही, लाकडांच्या ढिगात चेंडू गेला तर मोठ्यांना सांगायचं, अंधार पडल्यावर पायात चप्पल आणि हातात विजेरी. मुंबईच्या भावंडांना हे ठाऊक नसतं, त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. चावलं तर जखम कापू नये, दोरी आवळू नये. मुलाला हलू न देता रुग्णालयात न्यावं.

आवरण्याचं शेवटी. रविवारी रात्री साडेनऊला ओट्यासमोर एकटी कुणी उभी राहणार असेल तर सकाळच्या कामवाटपाला काही अर्थ राहिला नाही. भांडी घासायची पाळी आधी ठरवा, शक्यतो ज्याने सर्वांत कमी काम केलं त्याची. मुलांनी पानं गोळा करायची, चादर झटकायची. तीन वर्षांचं मूल चमचे वेगळे करतं. उरलेले मोदक आणि निवगऱ्या जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत, मे महिन्यात तासाभरात, डब्यात घालून फ्रीजमध्ये जायला हव्यात. सकाळी पाच मिनिटं वाफवल्या की पुन्हा मऊ होतात. सोमवारच्या डब्यात निवगऱ्याच द्या, मोदक नको. गोड खोबरं दुपारपर्यंत दप्तरात टिकेलच असं नाही.